साबणवाला स्मिथ आणि गप्प बसलेलं गाव

मी सातवीत असेन. मामाच्या गावची जत्रा होती. चपला घ्यायला आईने दिलेले चाळीस रुपये खिशात होते. कुस्त्यांच्या आखाड्याकडे जाताना एका बाभळीखाली गर्दी दिसली. मधे एक माणूस उकिडवा बसलेला, पुढ्यात गोणपाट आणि गोणपाटावर तीन पत्ते. "राणी ओळखा, दुप्पट न्या." माझ्या डोळ्यांदेखत एकाने दहाचे वीस केले, दुसऱ्याने वीसचे चाळीस. राणी कुठे आहे ते मला तर स्वच्छ दिसत होतं. पाच मिनिटांत माझे चाळीस रुपये गेले.

रडत घरी आलो. मामा तसाच मला घेऊन परत तिथे गेला. पत्तेवाला मामाला बघून उठून उभाच राहिला. "अण्णा, तुमचा भाचा होय! आधी सांगायचं ना पोराने." चाळीस रुपये मोजून परत दिले, वर पाच रुपये खाऊला. येताना मामा म्हणाला, "माणूस वाईट नाही रे. जत्रा कमिटीला दर वर्षी वर्गणी देतो. गावातल्या माणसाला हात लावत नाही."

हे वाक्य मी पार विसरून गेलो होतो. परवा अमेरिकेतल्या सोन्याच्या धावपळीबद्दल वाचत होतो, त्यात एक माणूस भेटला आणि मामाचं वाक्य जसंच्या तसं आठवलं. म्हणून ही पोस्ट. जरा लांबली आहे, सवडीने वाचा.

माणसाचं नाव जेफरसन रँडॉल्फ स्मिथ. पण इतिहासात तो 'सोपी स्मिथ' म्हणूनच ओळखला जातो, म्हणजे आपल्या भाषेत साबणवाला स्मिथ. धंदा जुगाराचा आणि सलूनचा. सलून म्हणजे आपलं केस कापायचं दुकान नव्हे. तिकडचं सलून म्हणजे खाली दारूचा गुत्ता आणि वर किंवा मागे पत्त्यांचा क्लब. खाण सापडली, गाव उठलं की पहिल्या आठवड्यात तंबू ठोकून सलून उघडायचं. शाळा, दवाखाना, चर्च सगळं नंतर.

स्मिथचा जन्म २ नोव्हेंबर १८६० चा, जॉर्जिया राज्यातला. घराणं एके काळी बड्या जमीनदारांचं, गुलाम बाळगणारं. यादवी युद्धात दक्षिण हरली आणि घराणं बसलं. कुटुंब टेक्सासात राउंड रॉक नावाच्या गावी आलं. पोरगा गोड बोलणारा, वाचलेला, कपड्यांत टापटीप. विशीच्या आतच तो रस्त्यावर साबण विकायला लागला.

हा साबणाचा खेळ समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. चौकात तिकाटण्यावर पेटी उघडायची. पेटीत साबणाच्या वड्या. लोकांच्या समोर काही वड्यांना एक डॉलरपासून शंभर डॉलरपर्यंतच्या नोटा गुंडाळायच्या, वरून साधा कागद लावायचा, मग सगळ्या वड्या एकत्र मिसळायच्या आणि एक-एक डॉलरला विकायच्या. दोन-पाच सेंटचा साबण! पहिली वडी घेणारा कागद फाडतो आणि ओरडतो, मला नोट मिळाली! तो अर्थात याचाच माणूस. मग झुंबड उडते. थोड्या वेळाने हा जाहीर करतो की शंभराची नोट अजून निघालेली नाही, आणि उरलेल्या वड्यांचा लिलाव पुकारतो. खऱ्या नोटा त्याआधीच हातचलाखीने बाजूला गेलेल्या असतात. पब्लिक साबण घेऊन घरी.

१८८० च्या दशकात त्याने कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात बस्तान बसवलं. १८८८ मध्ये तिथे 'टिव्होली क्लब' काढला. जिन्यावर लॅटिनमध्ये पाटी लावली होती, अर्थ असा की घेणाऱ्याने आपलं आपण बघून घ्यावं. लॅटिन कोणाला येतंय! एकदा या क्लबचं प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा त्याने असा युक्तिवाद केल्याचं सांगतात, की आमचा क्लब ही शिक्षणसंस्था आहे. इथे एकदा हरलेला माणूस आयुष्यात पुन्हा जुगाराकडे वळत नाही, म्हणजे आम्ही लोकांचं व्यसन सोडवतो.

आपण हसतो. डेन्व्हरवालेही हसत होते, आणि तीच गोम आहे. स्मिथचा एक नियम होता: लुबाडायचं ते बाहेरून आलेल्याला. रेल्वेतून उतरलेला शेतकरी, खाणीतून पैसे घेऊन आलेला मजूर, ज्याला उद्याची गाडी पकडायची आहे आणि जो कोर्टाच्या तारखांना थांबू शकत नाही असा माणूस. शहरातल्या रहिवाशाला हात लावायचा नाही. त्यातून आलेल्या पैशातला वाटा पोलिसांना, पुढाऱ्यांना. नाताळात गरिबांना टर्की वाटायची, चर्चच्या कामाला देणगी द्यायची. १८८९ ची महापौरपदाची निवडणूक तर बोगस मतदानासाठी गाजली आणि त्यात याची टोळी पुढे होती. प्रकरण कोर्टात गेलं, निवडून आलेल्या महापौराला शेवटी खुर्ची सोडावी लागली. त्याच वर्षी आपल्याविरुद्ध लिहिणाऱ्या वर्तमानपत्राच्या संपादकाला स्मिथने रस्त्यात गाठून काठीने मारलं.

१८९२ मध्ये क्रीड या गावी चांदीसाठी झुंबड उडाली. डोंगराच्या घळीतलं गाव, काही महिन्यांत हजारो माणसं. स्मिथ तिथे पोचला, 'ऑर्लिन्स क्लब' काढला, आणि थोड्याच दिवसांत गावचा कारभार त्याच्या हातात. पोलीस कोण? त्याचाच मेहुणा. तिथे त्याने दगड झालेला माणूस म्हणून एक पुतळा मांडला होता, बघायला दहा सेंट. तो बघायला रांग लागायची आणि रांगेत ताटकळलेल्या लोकांचा वेळ जावा म्हणून शेजारीच त्याची माणसं वाटी-गोटीचा खेळ मांडून बसलेली. जूनमध्ये आगीत गाव जळालं. तोवर स्मिथ डेन्व्हरला परतलाही होता.

१८९४ ची गोष्ट तर सिनेमात शोभेल. जुगाराला अभय देतात म्हणून गव्हर्नर डेव्हिस वेट यांनी डेन्व्हरच्या पोलीस आणि अग्निशमन मंडळाचे सदस्य बडतर्फ केले. ते खुर्ची सोडेनात. नगरभवनात दारं लावून बसले. गव्हर्नरने तोफा घेऊन सैन्य पाठवलं. आणि नगरभवनाच्या राखणीला कोण? सोपी स्मिथ आणि कंपनी. मनोऱ्यावर डायनामाइट घेऊन! सुदैवाने गोळी सुटली नाही. कोर्टाने बडतर्फीचा अधिकार गव्हर्नरचा असल्याचं सांगितलं, नवं मंडळ आलं, क्लबांवर टाच आली. पुढच्या वर्षी एका सलूनच्या मॅनेजरला मारहाण केल्याबद्दल खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला आणि स्मिथने शहर सोडलं.

आता मुख्य गोष्ट. स्कॅगवे.

ऑगस्ट १८९६ मध्ये कॅनडाच्या क्लोंडाइक भागात सोनं सापडलं. बातमी जगाला कळायला जुलै १८९७ उजाडलं, कारण सोनं घेऊन आलेली बोट तेव्हा सिॲटलच्या धक्क्याला लागली. मग वेडच लागलं. कारकून, शिक्षक, ट्राम चालवणारे, सगळे निघाले. वाट अशी: बोटीने अलास्कातल्या स्कॅगवे किंवा डाये या गावी उतरायचं, बर्फाचा घाट चढायचा, पलीकडे कॅनडा. कॅनडाच्या पोलिसांचा नियम होता की वर्षभराचं धान्य-सामान बरोबर असेल तरच आत सोडू. म्हणजे माणशी साधारण एक टन ओझं. ते पाठीवर किंवा घोड्यावर लादून खेपा करायच्या. त्या घाटात एका हंगामात सुमारे ३,००० घोडी मेली. वाटेचं नावच पडलं 'मेलेल्या घोड्यांची वाट'.

स्कॅगवे हे अशा सगळ्यांचं नाकं. वर्षभरात आठ-दहा हजारांची वस्ती. आणि कायदा? अलास्का तेव्हा राज्य नव्हतं, स्कॅगवेला नगरपालिका नव्हती, गावचं म्हणून पोलीस खातं नव्हतं. एक डेप्युटी मार्शल. गंमत म्हणजे कायद्याने अख्ख्या अलास्कात दारूबंदी होती! दारू आणणं, बनवणं, विकणं सगळं बेकायदा. आणि मुख्य रस्त्यावर ओळीने सलून. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांतल्या मित्रांना जास्त सांगायला नको. जिथे कायदा असा रोज सर्वांसमोर मोडला जातो, तिथे हप्ता ठरलेलाच असतो, आणि हप्ता घेणारा माणूस दुसऱ्या गुन्ह्याच्या वेळी तोंड वर करून बोलू शकत नाही.

स्मिथला अशीच जागा हवी होती. १८९८ च्या सुरुवातीला तो तिथे पाय रोवून बसला, मार्चमध्ये 'जेफ स्मिथ्स पार्लर' नावाचं सलून उघडलं. टोळीची कामं वाटलेली. काही जण बोटीतच ओळख काढणारे, काही धक्क्यावर सामान उचलू लागणारे, काही पाद्री किंवा वार्ताहर वाटावेत असे. कोणाकडे किती पैसा आहे हे काढायचं आणि त्याला बरोबर त्या टेबलाशी आणून बसवायचं. सर्वांत प्रसिद्ध किस्सा तार ऑफिसचा. पाच डॉलर द्या, घरी खुशालीची तार पाठवा. दोन-तीन तासांत घरून उत्तरही यायचं, पण त्याचे पैसे इथे भरायचे. तारेची वायर ऑफिसच्या भिंतीपलीकडे जेमतेम पोचत होती! स्कॅगवेला खरी तार आली १९०१ मध्ये.

हे वाचताना मला त्या तारवाल्याची चीड आली नाही तितकं वाईट त्या माणसाचं वाटलं, जो बायकोचं खोटं उत्तर खिशात घालून घाट चढला असेल.

आता विचाराल, गाव काय करत होतं? गावात दुकानदार होते, वकील होते, पाद्री होते, वर्तमानपत्रं होती. त्यांना दिसत नव्हतं?

दिसत होतं. पण स्मिथचा जुना नियम इथेही होता: गावातल्या माणसाला हात लावायचा नाही. लुबाडले जाणारे सगळे वाटसरू. आज आले, उद्या घाटावर. उलट स्मिथ गावाच्या उपयोगी पडायचा. जानेवारीअखेर एका सलूनवाल्याने दोघांना गोळ्या घातल्या, त्यातला एक डेप्युटी मार्शल. त्याच्या घरी बायको बाळंत होत होती. जमाव सलूनवाल्याला फासावर द्यायला निघाला, तो स्मिथने थांबवला. आणि त्या विधवेसाठी वर्गणी गोळा करायला पुढे कोण? स्मिथच. आता अशा माणसाला गुंड कोण म्हणणार?

काही लोकांनी म्हटलं. मार्चमध्ये '१०१ ची समिती' या नावाने पत्रकं लागली, भामट्यांनी गाव सोडावं म्हणून. दुसऱ्याच दिवसांत स्मिथची पत्रकं: आमची 'कायदा आणि सुव्यवस्था' समिती, आम्ही ३१७ जण आहोत. कायद्याचं नाव घेऊन ठगांची समिती, आणि ती आकड्याने तिप्पट!

एप्रिलमध्ये अमेरिका-स्पेन युद्ध पेटलं. स्मिथने लगेच स्वयंसेवकांची लष्करी तुकडी काढली आणि स्वतःला कॅप्टन म्हणवून घेतलं. थेट राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना पत्र. वॉशिंग्टनहून आभाराचं, पण नकाराचं, नेहमीचं सरकारी उत्तर आलं. त्याने तेच मिरवलं. आता त्याच्यावर बोट दाखवणं म्हणजे देशभक्तावर बोट दाखवणं. ४ जुलै १८९८, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक. घोड्यावर बसून स्मिथ आपल्या तुकडीच्या पुढे. दुतर्फा लोक टाळ्या वाजवतायत.

चार दिवसांनी तो मेला.

झालं असं. जॉन स्टुअर्ट नावाचा खाणवाला क्लोंडाइकहून परत येत होता. जाणारा नव्हे, परतणारा. त्याच्याकडे अडीच हजार डॉलरहून जास्त किमतीचं सोनं होतं, पिशवीत. स्मिथच्या तिघांनी त्याला गाठलं आणि कोणता खेळ खेळायला लावला? तीन पत्त्यांचा. सोनं गेलं. तो मार्शलकडे गेला, मार्शलने हात वर केले. मग तो भेटेल त्याला सांगत सुटला.

आणि अचानक गाव जागं झालं. का? एका माणसाला लुटलं म्हणून? तसे कितीतरी लुटले गेले होते. पण हे परतणारे लोक पहिल्यांदाच सोनं घेऊन येत होते. स्कॅगवेत लुटतात ही बोंब झाली तर ते दुसऱ्या वाटेने, युकॉन नदीतून बोटीने समुद्रावर जाणार. म्हणजे हॉटेलं ओस, दुकानं ओस. व्यापाऱ्यांच्या पोटाला चिमटा बसला तेव्हा त्यांना न्याय आठवला. मी टोमणा मारत नाहीये. बऱ्याच चांगल्या गोष्टी अशाच कारणाने होतात. पण कारण तेच होतं हे विसरायला नको.

८ जुलै. दुपारी स्मिथला निरोप: सोनं परत कर. त्याचं म्हणणं, पोरांनी खेळात जिंकलंय, परत कसलं करायचं. संध्याकाळी धक्क्यावर सभा ठरली. चार जण वाटेवर पहाऱ्याला. जुलैत तिथे रात्री नऊलाही उजेड असतो. स्मिथ खांद्यावर विंचेस्टर बंदूक टाकून, प्यायलेला, सरळ सभेकडे निघाला. फ्रँक रीड या सर्व्हेअरने अडवलं. झटापट झाली, दोघांच्या गोळ्या सुटल्या. स्मिथ जागीच ठार. वय ३७. रीड बारा दिवसांनी गेला. स्मिथचा प्राण नक्की कोणाच्या गोळीने गेला, यावर अजून वाद आहे. टोळी दोन-तीन दिवसांत पकडली गेली, काहींना शिक्षा झाल्या, बाकीच्यांना बोटीत घालून हाकललं.

गोष्ट इथे संपली असती तर बोधकथा झाली असती. पण हा रीड, ज्याच्या समाधीवर गावाने लिहिलं की स्कॅगवेच्या इज्जतीसाठी याने प्राण दिला, त्याने आधी काय केलं होतं? ती सगळी जमीन मुळात कॅप्टन विल्यम मूर या म्हाताऱ्याच्या ताब्यातली. सोनं सापडायच्या नऊ-दहा वर्षं आधी, १८८७ मध्येच, त्याने तिथे १६० एकरांवर हक्क लावून घर बांधलं होतं. हजारो लोक उतरले, त्याला बाजूला सारलं आणि त्याच्याच जमिनीवर प्लॉट पाडले. प्लॉटची मोजणी करणारा हाच रीड. मूरला कोर्टात वर्षानुवर्षं भांडून काही भरपाई मिळाली. म्हणजे तीन पत्त्यांवर सोनं नेणारा तो ठग, आणि मोजपट्टीने जमीन नेणारे ते गावचे प्रतिष्ठित नागरिक.

कोणी म्हणेल, सोन्याच्या मागे धावणारी माणसं, दुसरं काय होणार. मला हे पटत नाही, कारण घाटापलीकडचं डॉसन शहर. तीच माणसं, तेच सोनं, तीच दारू. जुगारही उघड चालायचा. पण तिथे सॅम स्टील यांच्या हाताखाली कॅनडाचे पोलीस होते. पिस्तूल बाळगायचं नाही, रविवारी सलून बंद म्हणजे बंद, गडबड केली तर सरकारी लाकडं फोडायची नाहीतर गाव सोडायचं. डॉसनमध्ये स्मिथसारखा कोणी राजा झाला नाही. स्कॅगवेची माणसं वाईट होती म्हणून स्मिथ झाला, असं म्हणता येत नाही. तिथे हप्ता होता, दारूबंदीचं सोंग होतं, तक्रार ऐकायला कोणी नव्हतं. आणि ज्यांचा आवाज पोचला असता त्यांचं काही गेलं नव्हतं.

आज स्कॅगवे जेमतेम हजारभर वस्तीचं गाव आहे. उन्हाळ्यात मोठमोठ्या बोटींतून पर्यटक येतात. स्मिथचं सलून सरकारने म्युझियम म्हणून जपलंय. ८ जुलैला त्याच्या नावाने प्याले उंचावले जातात. ज्याने वाटसरूंना लुबाडलं त्याच्याच नावावर गाव वाटसरूंकडून कमावतंय. असो.

आता परत मामाच्या गावच्या जत्रेकडे येतो.

माझे पैसे परत मिळाले तेव्हा तिथे आणखी एक माणूस उभा होता. ऊसतोडीवाला असावा, टोळी शेजारच्याच रानात उतरली होती. तो माझ्याआधी हरला होता, कारण मी आलो तेव्हा तो डोक्याला हात लावून बसलेला मला आठवतोय. माझे पैसे परत मिळताना बघून तो पुढे आला आणि मामाला म्हणाला, "दादा, माझं बी सांगा की जरा." मामाने पत्तेवाल्याकडे बघितलं. पत्तेवाला हसला. मामा म्हणाला, "चल रे, उशीर झाला." आणि आम्ही निघालो. मी पाच रुपयांची भजी खाल्ली.

मामा देवमाणूस होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. गावात कोणाचं अडलं तर रात्री दोनला उठून जाणारा. पण तो माणूस गावातला नव्हता.

म्हणून आता कोणाबद्दल 'तसा माणूस चांगला आहे, आपल्याला काही त्रास नाही' असं ऐकलं की मी विचारतो, मग त्रास कोणाला आहे? दुप्पट पैसे देणाऱ्या स्कीमवाल्याबद्दल, वाळूवाल्याबद्दल, मंडळाला मोठी वर्गणी देणाऱ्या कोणाहीबद्दल. उत्तर बहुतेक वेळा गावात नसतं. ते दोन दिवस थांबून पुढच्या रानात गेलेलं असतं.

तुमच्या गावच्या जत्रेत कोण बसायचं बाभळीखाली? आणि कमिटी काय म्हणायची? आठवत असेल तर लिहा.